जॉर्ज फोरमन आणि फुगवलेली कागदी पिशवी

करीरोडकर
२३ मार्च २०२५, रात्री १०.४०

काल सकाळी व्यायामशाळेचं शटर वर करतोय तोच दोन पोरं धावत आली. "सर, फोरमन गेला." जॉर्ज फोरमन, अमेरिकेचा माजी हेवीवेट जगज्जेता बॉक्सर. शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये, वयाच्या ७६व्या वर्षी. मला काही बोलवेना. पोरांना दोरीच्या उड्यांवर घातलं आणि कोपऱ्यातल्या जुन्या बॅगेपाशी जाऊन उभा राहिलो. दिवसभर व्हॉट्सॲपवर एकच फोटो फिरत होता : १९७४ला झैरेतल्या (आताच्या काँगोतल्या) किन्शासात खाली पडलेला फोरमन, वर उभा मुहम्मद अली. माणूस ८१ लढती खेळला, ७६ जिंकला, त्यातल्या ६८ नॉकआउटनं. आणि जगाला आठवते ती ही एक हरलेली. राहवलं नाही म्हणून धागा काढतोय.

मी २७ वर्षं पोरांना बॉक्सिंग शिकवतोय. माझं मत असं की फोरमन समजून घ्यायचा तर त्याच्या भुकेपासून सुरुवात करावी लागते.

टेक्सासमधल्या मार्शल गावी १० जानेवारी १९४९चा जन्म. वाढला ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डात, सात भावंडांत. आई राब राब राबायची तरी सगळ्यांना पुरेल इतकं घरात नसायचं. शाळेत इतरांचे डबे उघडायचे तेव्हा याच्याकडे काहीच नाही. मग हा तेलाचे डाग पडलेली जुनी कागदी पिशवी न्यायचा आणि तोंडानं फुंकून फुगवायचा. आत काहीतरी होतं, खाऊन झालं, असं इतरांना वाटावं म्हणून. हे त्यानंच पुढे सांगितलंय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या सहाच्या बॅचला दोन-तीन पोरं तरी दुपारपासून उपाशी येतात. विचारलं की "सर, खाऊन आलो." मग बॅगेवर तिसऱ्या मिनिटाला खांदे गळायला लागतात आणि सगळं कळतं.

पुढे तेच झालं जे होतं. शाळा सुटली, रस्त्यावर लोकांना लुबाडणं सुरू झालं. एकदा पोलिसांच्या कुत्र्यांना वास लागू नये म्हणून घराखालच्या चिखलात लोळून लपला. १६व्या वर्षी जॉब कॉर्प्स या सरकारी योजनेत गेला. राहायला जागा, हाताला कसब आणि तीन वेळचं पोटभर जेवण. तिथे कॅलिफोर्नियात डॉक ब्रॉडस नावाच्या प्रशिक्षकानं या दांडगट पोराला ग्लोव्हज चढवले. दोनएक वर्षांत, १९६८ला, मेक्सिकोत ऑलिम्पिकचं सुवर्ण.

२२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. समोर जगज्जेता जो फ्रेझर. अजिंक्य, १९७१मध्ये अलीला हरवलेला. दोन राउंडांत फोरमननं त्याला सहा वेळा खाली पाडलं. पोरांना ही लढत दाखवतो तेव्हा मी आवाज बंद करतो. म्हणतो, ठोसे बघू नका, ठोशाआधीचे हात बघा. फ्रेझरची सगळी मदार आत घुसण्यावर. तो घुसला की फोरमन दोन्ही तळव्यांनी त्याला मागे ढकलतो, हातभर अंतर करतो आणि मग मारतो. शेवटच्या ठोशाला फ्रेझरचे पाय जमिनीवरून सुटतात. हे नुसत्या ताकदीचं काम नव्हे.

पण त्याच दिवसांत त्याची एक खोडही पक्की झाली. टोकियोत रोमन एका राउंडात आडवा झाला, काराकासमध्ये नॉर्टन दोन राउंडांत. दम राखायची कधी वेळच आली नाही. ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात ती आली. पहाटे चारला लढत, हवा दमट, फोरमन २५चा आणि अली ३२चा. अली दोरांना पाठ टेकून, तोंडासमोर हात धरून उभा. फोरमन मारतोय, मारतोय, मारतोय. आठव्या राउंडात अलीचा उजवा बसला आणि खेळ संपला. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली पहिल्याच राउंडात सगळं ओतणाऱ्या पोराचं चौथ्या राउंडात काय होतं ते मी दर वर्षी बघतो. रागात माणूस श्वास रोखून मारतो. पडतो तो त्या रोखलेल्या श्वासामुळे.

त्यानंतर दोराला ढील दिली होती, पाण्यात काहीतरी मिसळलं होतं, असं तो बरीच वर्षं म्हणत राहिला. १९७७ला सान हुआनमध्ये जिमी यंगकडून गुणांवर हरला. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये आपण मरून परत आलो असा त्याला अनुभव आला आणि २८व्या वर्षी त्यानं खेळ सोडला. धर्मोपदेशक झाला. दहा वर्षं एकही लढत नाही. १९८४ला ह्यूस्टनमध्ये स्वतःच्या पैशानं मुलांसाठी केंद्र काढलं, आत रिंग बांधली. ते चालवायला पैसे कमी पडायला लागले तेव्हा १९८७ला, ३८व्या वर्षी, तो परत रिंगमध्ये उतरला. वजन १२१ किलो. सगळ्यांनी खिल्ली उडवली.

हा दुसरा फोरमन मला जास्त मोठा वाटतो. हा राउंडांच्या मधल्या मिनिटात स्टुलावर बसतसुद्धा नसे, कोपऱ्यात उभा राही. डोळ्यांत राग नाही. डावा हात खांबासारखा पुढे, त्याचा सरळ ठोसा, जॅब, जॅब, जॅब. १९९१ला तेव्हाचा जगज्जेता होलीफिल्ड याच्यासमोर ४२व्या वर्षी पूर्ण १२ राउंड उभा राहिला, गुणांवर हरला. आणि मग ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास.

आपल्याकडे दिवाळी नुकतीच झाली होती. सोमवारी सकाळी पेपरात आतल्या पानावर बातमी होती, ४५ वर्षांचा जगज्जेता. मी तेव्हा स्वतः खेळत होतो आणि खांदा निखळल्यामुळे हा नाद सोडायच्या बेतात होतो. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे, कडा पिवळ्या पडल्यात. समोर तेव्हाचा जगज्जेता मायकेल मूरर, २६चा, एकदाही न हरलेला. फोरमनच्या अंगावर २० वर्षांपूर्वी किन्शासात घातलेली तीच लाल चड्डी. कोपऱ्यात अँजेलो डंडी, जो किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ राउंड फोरमन गुणांवर मागे. दहाव्यात एक-दोन, म्हणजे डावा आणि लगेच आखूड, सरळ उजवा हनुवटीवर. मूरर उठला नाही. फोरमननं उड्या मारल्या नाहीत, कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकले.

तुमच्या आठवणी लिहा. आणि मत पटत नसेल तर तेही मोकळेपणानं लिहा.

---

आप्पा_गिरगाव
२३ मार्च २०२५, रात्री ११.२५

सुंदर लिहिलंत. मी ७४ला नववीत होतो. लढत तिकडे पहाटे चारला म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. आमच्या चाळीत टीव्ही एकच आणि दूरदर्शनचं प्रक्षेपण संध्याकाळचं, त्यामुळे बघणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशीचा पेपर गॅलरीत मोठ्यानं वाचला गेला. वाचणारे काका अलीची नक्कल करत दोराच्या जागी कठड्याला टेकले होते, हे अगदी काल घडल्यासारखं आठवतं. आम्ही सगळे अलीच्या बाजूचे. फोरमन म्हणजे राक्षस, एवढंच डोक्यात. त्यानं किन्शासात आपला जर्मन शेफर्ड कुत्रा नेला होता आणि बेल्जियन राजवटीतल्या पोलिसांचे कुत्रे तिथल्या लोकांच्या डोक्यात ताजे होते, त्यामुळे ते अजूनच बिथरले, हे मला फार उशिरा समजलं. २५ वर्षांचं पोर परक्या देशात, अख्खं स्टेडियम "अली, बोमाये" म्हणजे "अली, मारून टाक त्याला" असं ओरडतंय. आज माझा नातू त्या वयाचा आहे. आता विचार केला की पोटात कालवतं.

---

सौरभ_चेंबूर
२४ मार्च २०२५, सकाळी ९.१०

सर, लेख आवडला, पण एका मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. दुसरा फोरमन शांत झाला कारण त्याचं पोट आणि मन भरलं होतं, असं तुमच्या लिहिण्यातून निघतं. मला वाटतं त्यात तंत्राचा वाटा जास्त आहे. दोन्ही हात छातीसमोर आडवे धरायचा तो गार्ड आठवा. तो जुना जगज्जेता आर्ची मूर याचा. आणि आर्ची मूर किन्शासात फोरमनच्याच कोपऱ्यात होता. म्हणजे शिकवणारा माणूस २५व्या वर्षीही बाजूलाच होता. पोरानं ते वापरलं मात्र चाळिशीनंतर, कारण पाय मंदावल्यावर दुसरा इलाज नव्हता. वयानं शिकवलं.

आणि निव्वळ ताकदीत ७३चा फोरमन ९४च्या फोरमनला तीन राउंडांत संपवेल. ७६ची रॉन लाइलबरोबरची लढत बघा. चौथ्या राउंडात हा दोनदा खाली गेला, लाइलही एकदा पडला, आणि पाचव्यात यानं लाइलला संपवलं. राग होता म्हणूनच तो उठला ना?

---

करीरोडकर
२४ मार्च २०२५, दुपारी २.०५

सौरभ, आर्ची मूरचा मुद्दा बिनतोड आहे, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण तूच लिहिलंस की शिकवणारा बाजूला होता आणि पोरानं घेतलं नाही. का घेतलं नाही, हाच तर माझा प्रश्न आहे. मी रोज तेच अनुभवतो. गार्ड वर ठेव, गार्ड वर ठेव म्हणून घसा बसतो. ज्याच्या आत काहीतरी धुमसतंय त्याला हात वर ठेवणं म्हणजे माघार वाटते. तोच पोरगा सहा महिन्यांनी जरा स्थिरावला की न सांगता हात वर ठेवायला लागतो. वय वाढलेलं नसतं, सहाच महिने झालेले असतात.

लाइलच्या लढतीबद्दल मान्य. तो राग नव्हे, जिद्द होती असं मी म्हणेन, पण त्यावर वाद घालत बसणार नाही. ती लढत अंगावर काटा आणते.

---

नीलेश_वरळी
२४ मार्च २०२५, रात्री ८.५०

६८च्या ऑलिम्पिकमधल्या झेंड्याबद्दल कुणी लिहिलं नाही. १६ ऑक्टोबरला टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी वर्णभेदाविरुद्ध पोडियमवर काळ्या हातमोज्यांची मूठ उंचावली, दोघांना परत पाठवलं गेलं. दहाच दिवसांनी फोरमननं सुवर्ण जिंकल्यावर रिंगमध्ये छोटासा अमेरिकन झेंडा फडकवला. त्याच्याच लोकांनी त्याला फितूर म्हटलं. मला ती गोष्ट कायम खटकत आली आहे.

---

आप्पा_गिरगाव
२४ मार्च २०२५, रात्री ९.३०

नीलेशराव, खटकणं समजतं. स्मिथ आणि कार्लोस यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण या १९ वर्षांच्या पोराला दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच देशाच्या योजनेनं चिखलातून उचलून पोटभर जेवायला घातलं होतं. त्याच्या हातात तो झेंडा आला त्यात मला लबाडी दिसत नाही.

---

मेधा_माहीम
२५ मार्च २०२५, सकाळी ११.१५

मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही, पण धागा सलग वाचला आणि कागदी पिशवीपाशी थांबले. करीरोडकर सर, एक विचारायचं आहे. माझी मुलगी १३ वर्षांची. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून फार चिडते, दारं आपटते, शाळेतून दोनदा चिठ्ठी आली. सहा महिन्यांपासून बॉक्सिंगचा ध्यास घेतलाय. घराजवळच्या एका क्लासला घातलं तर पहिल्याच आठवड्यात हेडगार्डशिवाय मोठ्या मुलीसमोर उभी केली. नाकातून रक्त घेऊन घरी आली, मी बंद केलं. आता परत मागे लागली आहे. सासूबाई म्हणतात, आधीच रागीट, त्यात मारामारी शिकवणार? मला भीती वाटते आणि तिला नाहीही म्हणवत नाही. या खेळानं राग वाढतो की कमी होतो?

---

करीरोडकर
२५ मार्च २०२५, रात्री १०.००

मेधाताई, तुमची भीती रास्त आहे आणि त्या क्लासनं केलं ते साफ चूक होतं. पहिल्या आठवड्यात कुणालाही समोरासमोर उभं करत नाहीत. आमच्याकडे पहिले तीन महिने कुणाच्या अंगाला ग्लोव्ह लागत नाही.

काय करतो ते सांगतो. पहिल्या दिवशी फक्त हाताला पट्टी बांधायला शिकवतो. साडेचार मीटरची सुती पट्टी असते. फास अंगठ्यात घालायचा, मनगटाला तीन वेढे, मग तळव्यावरून, मग बोटांच्या पेरांवर, मग प्रत्येक दोन बोटांमधून एकेकदा आणि परत मनगटावर. सैल राहिली तर मनगट मुरगळतं, घट्ट झाली तर बोटं निळी पडतात. चिडलेल्या मुलाला ती नीट बांधताच येत नाही. मधेच सुटते, गुंडाळी होते, परत पहिल्यापासून. मी काहीच बोलत नाही, शेजारी बसून माझी बांधत राहतो. एका पोराला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. तोच आज डोळे मिटून दोन मिनिटांत बांधतो.

मग दोरीच्या उड्या, मग आरशासमोर पाय. तिसऱ्या आठवड्यात बॅग. आमच्या बॅगा आम्हीच भरतो, चिंध्या ठासून. नुसती वाळू भरली की ती खाली बसते, दगड होते आणि पोरांची मनगटं जातात. बॅगेवर मारताना प्रत्येक ठोशाला तोंडानं श्वास सोडायला लावतो, मोठ्यानं. एवढी एक गोष्ट जमली की राग आपोआप बाहेर पडायला जागा मिळते. कमी होतो का, हे मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. जागेवर राहायला शिकतो, एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि सराव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी भिजवलेले चणे, गूळ आणि एक केळं खायचं. सगळ्यांनी, म्हणजे उपाशी कोण ते उघडं पडत नाही. ही पद्धत मी त्या पिशवीची गोष्ट वाचल्यावर सुरू केली.

रविवारी पाडवा आहे, सकाळी सात वाजता हत्यारांची पूजा करतो तशी आम्ही ग्लोव्हजची आणि बॅगेची पूजा करतो. मुलीला आणि सासूबाईंनाही घेऊन या. नुसतं बघा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

---

आप्पा_गिरगाव
२६ मार्च २०२५, दुपारी ४.४०

हेवीवेटचा विषय निघालाय तर आपल्या कौरसिंगांचं नाव आलंच पाहिजे. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातला लष्करी जवान. जानेवारी १९८०मध्ये अली दिल्लीत आला तेव्हा नॅशनल स्टेडियमवर त्याच्यासमोर चार राउंड प्रदर्शनी लढत खेळलेला माणूस. त्याच वर्षी आशियाई अजिंक्यपद स्पर्धा आपल्या मुंबईत झाली आणि कौरसिंगांनी हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. मी आणि धाकटा भाऊ एका संध्याकाळी बघायला गेलो होतो. आम्ही पाहिलेले मुंबईतले बॉक्सर सगळे काटकुळे, चपळ. तिथे पहिल्यांदा कळलं की मोठ्या वजनाचा ठोसा बसतो तेव्हा आवाज वेगळा येतो, धान्याचं पोतं टाकल्यासारखा.

८२च्या दिल्ली आशियाडमध्येही सुवर्ण, मग अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, ८४चं ऑलिम्पिक. आणि राज्य सरकारनं आशियाडनंतर जाहीर केलेलं १ लाखाचं बक्षीस मिळायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. २०१७मध्ये हृदयाच्या उपचारासाठी या माणसानं कर्ज काढलं. बातम्या आल्या तेव्हा कुठे मदत धावली. एप्रिल २०२३मध्ये ते गेले. फोरमनच्या नावानं मांस भाजायचे विजेचे ग्रिल विकणाऱ्या कंपनीनं १९९९मध्ये ते नाव वापरायचे जवळपास १३ कोटी ८० लाख डॉलर मोजले. दोघंही हेवीवेट, दोघांच्याही गळ्यात सुवर्ण. मला अजून त्या १ लाखाचा राग येतो.

---

सौरभ_चेंबूर
२६ मार्च २०२५, संध्याकाळी ७.२०

आप्पा, कौरसिंगांबद्दल एवढं सविस्तर पहिल्यांदाच वाचलं, मनापासून आभार. मुंबईतल्या त्या स्पर्धेचं कुणी बोलतच नाही.

ग्रिलवरून आठवलं. १० कोटींहून जास्त ग्रिल विकले गेले. ज्या पोराकडे डब्यात घालायला काही नव्हतं त्याचं नाव शेवटी लाखो घरांच्या ओट्यावर गेलं. सर, तुमचा भुकेचा मुद्दा मी परवा खोडायला निघालो होतो. हे आकडे परत वाचताना मला तो नव्यानं दिसला.

अजून एक. १९९७च्या ऑस्कर सोहळ्यात किन्शासाच्या लढतीवरच्या माहितीपटाला पुरस्कार मिळाला. पार्किन्सननं जखडलेला अली मंचाच्या पायऱ्यांशी आला तेव्हा त्याचा हात धरून वर नेणारा फोरमन होता. हवं तर शोधून बघा, काही सेकंदांचंच दृश्य आहे. पकड बघा त्याची. अलीला वाटावं आपणच चढतोय, अशी.

---

नीलेश_वरळी
२६ मार्च २०२५, रात्री १०.०५

आत्ता पाहिलं. तीनदा पाहिलं. झेंड्याबद्दलचं माझं मत तसंच आहे, पण या माणसाबद्दलचं बदललं.

---

मेधा_माहीम
३१ मार्च २०२५, सकाळी ८.३०

काल गेलो होतो तिघी. सासूबाई आधी दाराशीच उभ्या होत्या. मग सरांनी बॅगेला हार घालायला त्यांनाच पुढे बोलावलं. कडुनिंबाची पानं आणि गूळ हातावर ठेवला, मागून चणे आले. माझी लेक एका कोपऱ्यात पट्टी घेऊन बसली. अर्धा तास. चार वेळा सुटली, एकदा तिनं ती भिरकावलीसुद्धा. सरांनी पाहिलं, उचलून तिच्याजवळ ठेवली आणि स्वतःची बांधत राहिले. पाचव्यांदा जमली. घरी येईपर्यंत तिनं ती सोडली नाही, लोकलमध्ये सगळ्या बायका बघत होत्या. रात्री हात धुवायला म्हणून सोडवली तेव्हा मनगटावर वेढ्यांच्या खुणा होत्या, त्या तिनं आजीला मोजून दाखवल्या.

सर, उद्यापासून पाठवू का?

---

करीरोडकर
३१ मार्च २०२५, दुपारी १.१५

पाठवा ताई. सहाच्या बॅचला, पावणेसहाला चण्यांच्या वेळी यायला सांगा. पट्टी धुऊन उन्हात वाळवा आणि गुंडाळताना फास आतल्या बाजूला राहील असं बघा, म्हणजे बांधताना तो बरोबर वर येतो. आणि नखं कापून पाठवा.